आजची बातमी

फळ्याचा उजवा कोपरा बातमीचा.
खडूची चौकट, वर तारीख, खाली तीन ओळी.
हजेरीच्या क्रमाने रोज एकाची पाळी,
आणि बाईंनी काहीही खोडायचं नाही.
नियम माझाच. कधीकधी जड जातो.

सोमवारी दुर्वांक कुबल, इयत्ता चौथी:
'काकीचा पाय मुरगळला.
खिचडी तांडेल गुरुजींनी केली.
मीठ दोनदा पडलं.'

मंगळवारी रुहीन होडेकर:
'परसबागेतली दोडकी वानरांनी नेली.
एक ठेवलं. ते किडकं होतं.
वानरांना कळतं.'

बुधवारी वजनं घ्यायची होती.
शाळेचा काटा गंजून सात किलोवर थांबलेला,
वर कोणी नसतानाही सात.
डॉक्टरीणबाई तरीतून उतरल्या,
काट्याकडे बघून म्हणाल्या, आता हो?
मग एकोणीस मुलांची रांग जेटीवर,
मासळीच्या लिलावाच्या काट्याकडे.
हसीनाबींनी टोपलं दोन पाण्यांनी धुतलं,
तरी बांगड्याचा वास राहिलाच.

दुर्वांक सव्वीस. रुहीन एकवीस, चपला काढून.
प्रत्येक आकडा हसीनाबी लिलावाच्या सुरात ओरडायच्या
आणि मुलं भाव पुकारायची:
दीडशे! अडीचशे! एक फणस! दोन गोट्या आणि पतंग!

शेवटी बिमला बोहरा.
खाडीपलीकडच्या कलमांची राखण करणाऱ्याची,
जूनमध्ये दाखल, जन्मतारीख अंदाजे.
तिचा आवाज शाळेने अजून ऐकलेला नाही.
'हजर'सुद्धा ती बोट वर करून म्हणते.
टोपल्यात बसली, गुडघे छातीशी घेऊन.
काटा हलला, थरथरला, पंधरावर टेकला.
डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं.
भाव कुणीच पुकारला नाही.

हसीनाबी काट्याकडे बघत राहिल्या,
मग अख्ख्या जेटीला ऐकू जाईल असं:
'ह्यो माल इकूचो नाय.
ह्यो घराक.'

गुरुवारी पाळी बिमलाची.
मी खडू पुढे केला खरा, पण मनात
पुढच्या मुलाचं नाव तयार ठेवलं होतं.
मी मूळची हिंगोलीकडची.
पहिलं वर्षभर इथल्या बायका बोलायच्या
आणि मी नुसती मान हलवायचे.
'सुकती' म्हणजे सुकट असेल असं समजून
एकदा भर ओहोटीला पिशवी घेऊन गेले होते.
ती गोष्ट गावात अजून सांगतात.

बिमला स्टुलावर चढली. स्टूल डुगडुगतं.
रुहीनने पाय धरला, स्टुलाचा की तिचा, दिसलं नाही.
आधी सगळी अक्षरं काढली, उघडी,
मग डोक्यावरची रेघ एका दमात,
चौकटीच्या बाहेर जाईपर्यंत:
'आज सुकती.
मी पंधरा किलो.
मी घराक.'

दुपारी केंद्रप्रमुख आले.
पट बघितला, तांदळाचा साठा बघितला,
फळ्यापाशी चष्मा वर केला.
'घराक काय, बाई? घरी. दुरुस्त करून घ्या.'
नियम सांगायला माझं तोंड उघडलं नाही.
मी डस्टर शोधू लागले.
खिडकीत नाही, कपाटात नाही, टेबलाखाली नाही.
एकोणीस मुलं हाताची घडी घालून
इतकी शहाणी बसलेली
की कुणाच्या तरी दप्तरात तो होता, हे नक्की.
साहेब घड्याळाकडे बघून उठले.
तर सुटायची वेळ झाली होती.

शुक्रवारी ओजस जाक्करला कोपऱ्यात जागा नव्हती.
त्याने चौकट डावीकडे आखली,
माझ्या गुणाकाराच्या अर्ध्यावर:
'काकी आली. मीठ बरोबर.
हसीनाबींनी बिमलाला दोन बांगडे दिले, पैसे नाही घेतले.
डस्टर सापडला नाही.'